दोन जावयांचे दोन राखणदार

"आत्या, यातला एक काढायला लागतोय," स्वप्नाली म्हणाली.

मी ब्याडगी मिरचीचे देठ खुडत बसले होते. मान वर न करता विचारलं, "कशातला?"

"कॉम्प्युटरातला. अँटीव्हायरस दोन झालेत. एकच असायला पाहिजे."

"मग कुठला काढतेस?"

"कुठला पण काढला तर चालतंय."

"असं? मग थोरल्या जावयाचा काढायचा की धाकट्या जावयाचा, तेवढं तूच सांग. कुठल्या लेकीचं माहेर बंद करायचं ते एकदा ठरू दे."

ती दारातच उभी राहिली. बुधवारची दुपार होती. शनिवारी तिचा शेवटचा पेपर.

स्वप्नाली माझी सून. तेव्हा तिला आमच्या समोरच्याच अंगणवाडीत सेविका होऊन चौदा वर्षं झाली होती. लग्न होऊन गडहिंग्लजला आली तेव्हा बारावी झालेली होती. मी दुसरी पास, मला तिची बारावीसुद्धा डोळ्यांवर यायची. पण सेविकांमधूनच पुढं दोन-तीन वर्षांत एक पर्यवेक्षिकेची जागा भरणार होते आणि तिला पदवी लागत होती. वयाची अट अशी, की या खेपेला बसली तर बसली, पुढच्या खेपेला तिचं वय निघून जाणार. म्हणून तिनं बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. तीन वर्षं सकाळी अंगणवाडी, दुपारी आमच्या कांडपाच्या गिरणीत मिरची कुटणं, आणि मधे जो काय वेळ उरेल त्यात पुस्तक. करोना सरत आला होता, तरी परीक्षा अजून घरूनच द्यायच्या होत्या, कॉम्प्युटरवर. एका तासात पन्नास प्रश्न, चार उत्तरांतलं एक टिपायचं. मोबाइलवर चालणार नाही असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. म्हणून माझ्या मुलानं, उदयनं, दिवाळीत कॉम्प्युटर आणला.

पाडव्याला थोरले जावई आले. दिगंबरराव. साखर कारखान्याच्या ऑफिसात असतात, बोलणं सगळं सहीशिक्क्याचं. चिवड्याची बशी मांडीवर घेऊन त्यांनी कॉम्प्युटरात एक राखणदार बसवला. वर्षाची फी स्वतःच्या खिशातून भरली आणि म्हणाले, "मामी, आता याच्यात बाहेरचा किडा शिरायचा नाही." त्या राखणदारावर स्वप्नालीचे चार पेपर नीट पार पडले होते.

मग मंगळवारी धाकटे आले. रणधीरराव, सांगलीला कॉम्प्युटरचे क्लास घेतात. माझ्या धाकटीला, छायाला घेऊन वर्षाची चटणी न्यायला आले होते. चहा होईपर्यंत म्हणून कॉम्प्युटरपुढं बसले आणि कोपऱ्यातली तांबडी खूण बघून नाकातनं हसले.

"हा कुणी बसवला?"

"दिगंबररावांनी," उदय म्हणाला.

"वाटलंच. काढत नाही हो मी त्यांचा, नंतर बोल लागायचा. पण माझा एक शेजारी बसवून ठेवतो. ज्याच्यात दम असेल तो टिकेल."

असं करून एका घरात दोन राखणदार झाले, आणि दुसऱ्याच दिवशी सून म्हणाली एक काढायला लागतोय.

आता मी इतकी कडू का बोलले, तर त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेत जावयांना फेटे बांधायचे होते. दिगंबरराव आंघोळीला गेले होते, फेटेवाल्याला घाई होती, आणि कुणीतरी आधी रणधीररावांना बसवून फेटा बांधला. झालं. थोरले बाहेर आले, ते बघितलं, ओल्या केसांनीच गाडीत बसले आणि मटणाचं ताट तसंच सोडून गेले. त्यानंतर माझी थोरली, नंदा, अकरा महिने या उंबऱ्यावर आली नाही. गौरीला नाही, दिवाळीला नाही. मला पायाला प्लास्टर होतं तेव्हा फोनवर रडली, पण आली नाही. अकरा महिने म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. सुनेला नव्हतं असं नाही, पण लेक माझी होती.

"आत्या, दोघं एकमेकांच्या वाटेत येतात," स्वप्नाली म्हणाली. "मशीन सुरू व्हायलाच नऊ मिनिटं लागली आज. सरावाचा पेपर मधेच अडकला."

"दोन राखणदार असले तर बिघडलं कुठं? गल्लीत दोन कुत्री असली की चोर फिरकत नाही."

"दोन असली की चोर राहतो बाजूला. एकमेकांनाच चावतात."

"मग बांधून ठेवायची."

ती जरा हसली. मग आत येऊन माझ्याजवळ बसली आणि चार मिरच्या हातात घेतल्या. "असं बघा. आपल्या कांडपात मुसळं कशी चालतात? एक खाली पडतं तेव्हा दुसरं वर असतं. म्हणून चालतात. ही दोन्ही एकदमच खाली येतात."

तीस वर्षं कांडप चालवते मी, मुसळांचा मेळ चुकला की काय होतं ते मला सांगायला नको. आणि उत्तर नसलं की मला राग येतो.

"मुसळाचं तू मला शिकवू नको," मी म्हटलं. "मी विचारते दोघांनाही. त्यांनी बसवलंय, ते सांगतील."

गुरुवारी सकाळी फोन केले. मान थोरल्याचा, म्हणून आधी त्यांना.

"एक काढायचा का?" दिगंबरराव म्हणाले. "अवश्य काढा. रणधीरचा काढा. तो फुकटात उतरवलेला माल असतो, मामी. माझ्याची पावती आहे."

मग रणधीरराव. "एकच ठेवायचा असतो, बरोबर आहे वहिनींचं. भाऊंचा काढा. फार जड आहे तो, म्हातारा झालाय. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

"आणि तुमचा काढला तर?"

त्यावर म्हणाले, "तुमचं घर आहे. मी काय बोलणार? छायाला सांगतो तसं."

छायाला सांगतो तसं. एवढं वाक्य मला पुरलं. मी फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं, की दोन्ही राहतील, कुणाचाही निघणार नाही, आणि या विषयावर आता बोलणं नाही.

उदय जेवत होता. तो म्हणाला, "आई, पेपर होईपर्यंत तरी काढू. नंतर परत बसवू, त्यांना कळायचं पण नाही."

"रणधीररावांना सांगलीत बसून दिसतंय सगळं. परवा सांगत नव्हते का, बंद केला की त्यांच्या फोनवर खूण येते म्हणून?"

"येऊ दे की खूण."

"तुझं काय जातंय येऊ दे म्हणायला? तू कुणाचा बाप आहेस का भाऊ? भाऊ आहेस. मग भावासारखं बोल."

त्यानं खाली बघून भाकरीचा तुकडा मोडला. तो बापाच्या वळणावर गेलाय. त्याचे वडीलही असेच, वाद आला की ताटात बघायचे.

स्वप्नाली ताटं उचलत म्हणाली, "कॉम्प्युटरला मान कळत नाही, आत्या."

"मला कळतो," मी म्हटलं.

ती मला न विचारता काढू शकली असती, पण काढला नाही. तो माझा मोठेपणा नव्हे, तिचा होता, हे मी आता म्हणते. तेव्हा मला वाटलं, बघा, माझा शब्द कसा चालतो.

शुक्रवारी तिनं आणखी दोनदा सराव केला. पडद्यावर चौकोन यायचे. एक तांबडा, एक हिरवा. तांबडा येऊन काही सांगायचा, त्याच्यावर हिरवा येऊन बसायचा. तिनं तेवढ्यात तोडगा काढला. मशीन पहाटे सुरू करून ठेवायचं, दुसरं काही उघडायचं नाही, धीरानं घ्यायचं. रात्री मला म्हणाली, "पेपर निघेल असं वाटतंय."

"निघणारच," मी म्हटलं. "उद्या अकरा ते बारा मी कांडपसुद्धा बंद ठेवते. आवाज नको तुला."

एप्रिल महिना, मिरचीचा ऐन भर, दारात पोत्यांची रांग. त्यात तासभर कांडप बंद ठेवणं म्हणजे काय, ते कांडपवाल्यालाच कळेल. मला वाटत होतं, मी काय कमी करते का हिच्यासाठी?

शनिवारी अकराला पेपर सुरू झाला. कॉम्प्युटर मधल्या खोलीत. मी भिंतीला टेकून बसले, उदय दारात उभा. बाहेर बायका पोती घेऊन बसलेल्या. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, खोकला आला तर गल्लीच्या टोकाला जाऊन खोका.

सुरुवातीला चांगलं चाललं होतं. ती प्रश्न वाचायची, टिपायची, पुढं जायची. दर प्रश्नानंतर पडदा जरा थांबायचा, दम लागल्यासारखा. मी मनात मोजत होते. अठरावा प्रश्न आला आणि थांबलेला पडदा हललाच नाही.

तांबडा चौकोन आला.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"धोका सापडला म्हणतोय."

"कुठला धोका?"

तिनं नाव वाचलं. मग हिरवा चौकोन आला. तोही तेच म्हणत होता, धोका सापडला.

"आणि याला काय सापडलं?"

"याला तो सापडलाय," स्वप्नाली म्हणाली. "दोघांनी एकमेकांना धरलंय."

अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. उदय पुढं आला आणि बटण दाबून मशीन बंद करून परत सुरू केलं. परत नऊ-दहा मिनिटं. ती खुर्चीत तशीच ताठ बसून होती, दोन्ही हात मांडीवर. मी बाहेर जाऊन एकीवर ओरडून आले, ती काही बोललीही नव्हती.

पेपर परत उघडला तेव्हा साडेअकरा उलटून गेले होते. घड्याळ काही तिच्यासाठी थांबलं नव्हतं. पण आता ती भराभर टिपायला लागली. वाचते तरी का असं वाटावं इतकी. वीस, चोवीस, अठ्ठावीस. एकतिसाव्याला पेपर पुन्हा मेला, नुसता बाण हलत होता. अकरा एकेचाळीस.

ती वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"आत्या, धाकट्या दाजींचा काढते. तो नवा आहे, लवकर निघेल. दहा मिनिटं धरा. उरलेल्या आठ-नऊ मिनिटांत एकोणीस प्रश्न करते मी. काढू?"

काढ, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. दुसरी पास बाईलासुद्धा येतात.

"थांब," मी म्हटलं. "एक फोन करते. त्यांना सांगून काढू, म्हणजे पुढं प्रश्न नको."

"आई," उदय म्हणाला.

"तू गप्प बस."

मी फोन केला. आणि कुणाला केला? धाकट्याचा काढायचा होता तर धाकट्याला करावा. पण बोट आपोआप थोरल्याच्या नावावर गेलं. असल्या गोष्टीत आधी थोरल्याच्या कानावर घालायचं, हे अंगात मुरलेलं.

"दिगंबरराव, स्वप्नालीचा पेपर अडकलाय. रणधीररावांचा तो काढतोय आम्ही. तुमच्या कानावर असावं म्हणून."

"बघा, मी म्हणालो होतो का नाही?" त्यांच्या आवाजात पेढा होता. "म्हणालो होतो ना फुकटचा माल? थांबा मामी, तुम्ही काही करू नका. मीच बोलतो त्याच्याशी. त्याला जरा ऐकू दे."

"अहो, वेळ कमी आहे."

"दोन मिनिटांचं काम." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रणधीररावांना लावला. दुसऱ्याशी बोलत आहेत. परत लावला. दुसऱ्याशी बोलत आहेत. कुणाशी बोलत होते ते मला कळत होतं. इकडं स्वप्नालीचा हात त्या माऊसवर होता, आणि पडद्यावर बाण एका ओळीवर आणून ठेवलेला. नुसतं दाबायचं होतं.

"आत्या, सत्तेचाळीस झाली."

"लागतोय, लागतोय."

परत तेच. एक बाई फोनात गोड आवाजात सांगत होती की आपण ज्यांना फोन केला ते सध्या व्यस्त आहेत. माझे दोन जावई, एक कारखान्यात, एक सांगलीत, कुणाचा राखणदार श्रेष्ठ यावर भांडत होते, आणि मी मधे फोन धरून परवानगीची वाट बघत होते. माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरपुढं, कांडप बंद ठेवून.

"बावन्न," स्वप्नाली म्हणाली. "आता काढला तरी उपयोग नाही."

मी तरीही लावत होते. छप्पन्नला तिनं माऊस सोडला. सोडला म्हणजे हात उचलून मांडीवर ठेवला, बस. बाराच्या ठोक्याला पडदा आपोआप जागा झाला. अगदी स्वच्छ, कधी काही झालंच नव्हतं असा. त्यावर एक ओळ आली होती. तिनं ती मला वाचून दाखवली, कारण मला इंग्रजी येत नाही हे तिला माहीत होतं. वेळ संपली आहे. आपली उत्तरपत्रिका पोचलेली नाही.

"एकतीस टिपलेली, ती पण गेली?" उदयनं विचारलं.

"शेवटचं बटण दाबल्याशिवाय पोचत नाही."

मग फोन वाजला. रणधीरराव. "काय हो मामी, एवढे मिसकॉल? भाऊंचा फोन चालू होता. काय काढायचंय म्हणे?"

"काही नाही," मी म्हटलं. "राखण चांगली झाली. बाहेरचं काही आत आलं नाही आणि आतलं काही बाहेर गेलं नाही."

"म्हणजे?"

मी फोन बंद केला. मला वाटत होतं, आता ही बोलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. माझ्याकडं उत्तरांना कधी तोटा नसतो. पण स्वप्नाली उठली, ओढणी तोंडाला बांधली आणि कांडपाच्या खोलीत जाऊन मोटर सुरू केली. बाहेरच्या बायका म्हणाल्या, झाला काय गं पेपर? ती म्हणाली, झाला. पोतं कुणाचं पहिलं?

दिवसभर मुसळं चालली. मी समोर बसून चाळत होते आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. बघत नव्हती असंही नाही. जसं रोज बघते तसंच बघत होती, आणि तेच मला सोसत नव्हतं. ती भांडली असती तर मी भांडले असते. मी भांडणात चांगली आहे.

संध्याकाळी मीच तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. "काढ."

"आता कशाला?"

"काढ म्हणते ना. दोन्ही काढ."

"एक राहिला तर चालतो, आत्या."

"दोन्ही."

तिनं काढले. प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं लागली. जाताना प्रत्येकजण विचारत होता, नक्की काढायचं का, का काढता, परत विचार करा. जावई आणि त्यांचे राखणदार एका वाणाचे. शेवटी पडद्याचा कोपरा मोकळा झाला, आणि तिथं एक लहानशी निळी खूण उगवली.

"हा आणि कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचा नाही. कॉम्प्युटरबरोबरच आलेला असतो हा. बाहेरचा बसवला की हा आपणहून बाजूला होतो. बाहेरचे गेले की परत उभा राहतो."

"म्हणजे हा दिवाळीपासून घरातच होता?"

"होता की."

"आणि एवढा पुरतो?"

"आपल्या घराला पुरतो."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

ती खुर्ची सरकवून उठली. "बुधवारी तेही सांगणार होते. तुम्ही लेकींच्या माहेराचं काढलंत, मग मी काय बोलणार?"

मी त्याच वेळी नंदाला आणि छायाला फोन करून सांगितलं, की दोघांचेही काढलेत, मी सांगून काढलेत, ज्यांना रुसायचं त्यांनी रुसावं. नंदा म्हणाली, "आई, एवढं काल सांगितलं असतंस तर." बाकी काही नाही. दिगंबरराव गणपतीपर्यंत फुगून होते. रणधीरराव अजून कॉम्प्युटरकडं पाठ करून बसतात. त्यांचं त्यांच्यापाशी.

सोमवारी मी स्वप्नालीबरोबर कोल्हापूरला गेले. फेरपरीक्षेचा अर्ज द्यायचा होता. ती नको म्हणत होती, मी एकटी जाते म्हणत होती. मी म्हटलं, चूक माझी आहे, उभी मी राहणार. एसटीत दीड तास मी काय काय बोलायचं ते जुळवत होते.

खिडकीपुढं रांग होती. आमची पाळी आली तेव्हा आतल्या कारकुनानं अर्ज वाचला. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर.

"कारण, तांत्रिक अडचण," त्यानं वाचलं. "कसली?"

"कॉम्प्युटर बंद पडला," स्वप्नाली म्हणाली.

"बंद पडला नव्हता," मी मागून म्हटलं. "कॉम्प्युटरात काही बिघाड नव्हता, साहेब."

त्यानं चष्मा खाली घेतला. "तुम्ही कोण?"

"सासू. माझ्यामुळं झालं. त्यात दोन राखणदार होते, एक काढायचा होता, हिनं तीन दिवस आधी सांगितलं होतं, पेपर चालू असताना पण सांगितलं. मी काढू दिला नाही. जावयांचा मान जाईल म्हणून. असं लिहून घ्या. हिचा अभ्यास पुरा होता, हिची काही चूक नाही. सही नको असेल तर अंगठा देते, पण सही येते मला."

मागं रांगेतली पोरं हसायला लागली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, स्वतःहून चूक कबूल करत होते, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला जरा अभिमान वाटत होता.

कारकून हसला नाही. आवाज खाली घेऊन म्हणाला, "आजी, ऐका. तांत्रिक अडचण म्हटलं तर हा अर्ज वर जातो. विचार होतो. घरच्यांनी अडवलं असं लिहिलं तर मला तो इथंच परत करायला लागेल. तसा नियम नाही. तुम्ही आता जे बोललात ते मी ऐकलं नाही असं समजू का?"

"का समजायचं? खरं आहे ते."

"आत्या," स्वप्नाली म्हणाली. ती वळली होती. चौदा वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. "गप्प बसा."

मला कुणी गप्प बस म्हणत नाही. नवऱ्यानं म्हटलं नाही, सासूनं एकदा म्हटलं होतं आणि तिला पस्तावा झाला. तोंडात दहा उत्तरं आली. मी ती सगळी गिळली आणि जाऊन बाकड्यावर बसले. तिथून मला तिची पाठ दिसत होती, आणि शिक्का पडल्याचा आवाज आला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. फेरपरीक्षा मिळाली, ऑगस्टात झाली. निळ्या खुणेच्या राखणीत सगळे पन्नास प्रश्न चाळीस मिनिटांत सोडवून ती उठली, बहात्तर टक्के पडले. पण पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवीचा कागद जूनच्या आत द्यायचा होता. जूनमध्ये जागा भरली गेली. नेसरीकडच्या एका बाईला मिळाली. हुशार आहे, नावं ठेवण्यासारखी नाही, पण स्वप्नालीपेक्षा सात वर्षांनी नवखी.

महिन्यातून एकदा ती बाई आमच्या अंगणवाडीची तपासणी करायला येते. स्वप्नाली उठून तिला आपली खुर्ची देते, वह्या पुढं ठेवते, आणि विचारलं की उत्तर देते. आमच्या दारातून सगळं दिसतं. त्या दिवशी मी कांडपातून बाहेर येत नाही.